उन्हाळी लागणे

"ऊन लागलं, असं लिहिलंय इथं," मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी कोपऱ्यावरच्या दवाखान्याची घडी पडलेली चिठ्ठी टेबलावरून त्याच्याकडे सरकवली. "नातेवाइकांनी सांगितलं म्हणे. नातेवाईक म्हणजे तुम्हीच ना?" नातेवाईक म्हणजे तोच होता. त्याने चिठ्ठी वाचली. वाचली म्हणजे सवयीप्रमाणे आधी तपासली. 'उष्माघात' या शब्दातला ष योग्य होता. त्याखाली 'नातेवाइकांच्या सांगण्यानुसार ऊन लागले, दोन दिवस', त्याखाली तापाची गोळी, मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटे, भरपूर विश्रांती, सही, तारीख. मजकुरात एकही चूक नव्हती. एकही अशुद्ध शब्द नसलेल्या चार ओळींत एका बाईला मरणाच्या दारात नेऊन ठेवता येते, हे त्याला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळत होते, आणि आयुष्यभर ज्याने शुद्धता हेच एक मूल्य मानले त्याला ते कळायला एवढा उशीर लागावा, यात निसर्गाचा काही अन्याय नव्हता. "मी ऊन म्हणालो नव्हतो," तो म्हणाला. "उन्हाळी म्हणालो होतो. उन्हाळी लागली आहे, असं." डॉक्टरीणबाईंचे पेन थांबले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "माझी आजी म्हणायची," त्या म्हणाल्या. "आता कोण म्हणतं हो काका? त्या मुलानं हा शब्द जन्मात ऐकला नसेल. साधं लघवीला जळजळ होते म्हणाला असतात, तर..." आणि त्या थांबल्या. 'तर'नंतर येणाऱ्या मुख्य वाक्याची तो वाट पाहत राहिला. व्याकरणाच्या दृष्टीने ते यायलाच हवे होते. डॉक्टरीणबाई मात्र सभ्य होत्या, त्यांनी पान उलटले आणि विचारले, "तक्रार नक्की कधीपासून?" "बावीस दिवस," तो म्हणाला. त्यांनी वर पाहिले. "एवढं नेमकं?" "लिहून ठेवलं होतं." "चांगलं केलंत," त्या मनापासून म्हणाल्या. "असं कोणी ठेवत नाही."

मग त्यांनी त्याला समजावून सांगितले, जसे त्या दिवसातून दहा जणांना सांगत असतील तसे, आवाज न चढवता. एकोणीस वर्षांचा मधुमेह. पायांची बोटे बधिर झालेली, टाचणी रुतली तरी कळत नाही, हो ना? तसेच मूत्राशयाचेही होते. भरलेले कळत नाही, पुरते रिकामे होत नाही, उरलेल्या लघवीत जंतू वाढतात, आणि त्यात साखर उतरलेली असली की त्यांची चंगळच. सुरुवातीला जळजळते, वारंवार जावे लागते. मधुमेहात पुष्कळदा तेही धड जाणवत नाही. मग ते वर चढते. उजव्या मूत्रपिंडात आता नुसता पू नव्हता, हवा धरली होती. हे सहसा मधुमेहींतच दिसते. रक्तात जंतू गेले होते. बडबडत होती ती त्यामुळे. मेंदूचे वेगळे काही नव्हते. आत नळी घालून पू काढला होता, औषधे सुरू होती, लघवी किती होते यावर लक्ष होते. झाली तर बरे. नाही झाली तर पुढचे पाहावे लागेल. "आज-उद्याचा दिवस महत्त्वाचा," त्या म्हणाल्या. "त्या ओळखतात का तुम्हाला?" सकाळी ओळखले नव्हते. त्याने तसे सांगितले. हे सांगताना त्याचा आवाज शासकीय परिपत्रक वाचून दाखवावे तसा सपाट आला, आणि सपाट आल्याबद्दल त्याला क्षणभर समाधानही वाटले. माणूस कशाकशाने समाधानी होऊ शकतो, याला मर्यादा नसावी.

बाहेरच्या बाकावर नंबर लागायची वाट पाहत ताटकळलेली माणसे होती, एक खोकणारी बाई होती, भिंतीवर बाणांच्या पाट्या होत्या: रक्त, क्ष-किरण, स्वच्छतागृह. स्वच्छतागृह. त्या खोलीत माणूस स्वच्छतेसाठी जातो, असा जगभरच्या पाट्या लिहिणाऱ्यांचा समज आहे. तिथे जे घडते त्याचे नाव कुणीच भिंतीवर लिहीत नाही. त्याने मात्र लिहिले होते. कोशमंडळातल्या तीस वर्षांत त्याने कुठला शब्द वगळला म्हणून कुणी त्याच्याकडे बोट दाखवावे अशी सोयच ठेवली नव्हती. पहिल्या खंडाच्या वेळी सल्लागार समितीतल्या एका सद्गृहस्थांनी देहधर्मांचे सगळे शब्द गाळावेत, कोश विद्यार्थिनींच्या हातात पडतो, असे सुचवले तेव्हा हा उभा राहून पाऊण तास बोलला होता. भाषा ही काही पाहुण्यांसाठी आवरलेली बैठकीची खोली नव्हे, असे काहीसे वाक्य त्यात होते. ते पुढे चार ठिकाणी छापून आले. शब्द राहिले. एकट्या लघवीसाठी सात नोंदी राहिल्या, प्रत्येकीपुढे 'ग्राम्य', 'शिष्ट', 'बालभाषा' अशी खूण. त्यातल्या 'लघुशंका' या नोंदीवर तो खूश होता. ज्या समाजाला मूत्रविसर्जन ही एक बारीकशी शंका वाटते, त्याच्या सभ्यतेबद्दल मोठी शंका घ्यायला हरकत नाही, असे तो कार्यालयात म्हणाला होता आणि सहसंपादक पोट धरून हसला होता. कार्यालयात त्याचे टोपणनाव 'शुद्धिपत्र' होते. समोर कोणी म्हणत नसे, पण त्याला ठाऊक होते, आणि टोपणनावातला 'द्धि'ही पहिल्या वेलांटीचाच ठेवल्याबद्दल तो मनात सहकाऱ्यांचा आदर करी. हाच माणूस तीन दिवसांपूर्वी सकाळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात, पडद्यापलीकडे पाच अनोळखी माणसे बसलेली असताना, तरुण डॉक्टरसमोर लघवी हा शब्द तोंडातून काढू शकला नाही. घरात तो शब्द नव्हताच. घरात 'जाऊन येते' होते, 'जरा आत जातो' होते. मुलगी लहान असताना तिच्यासाठी एक आकडा होता. छापील पानावर त्याने ज्या शब्दांना नागरिकत्व दिले होते, त्यांतल्या एकालाही घराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता, आणि ही विसंगती त्याला त्या दिवसापर्यंत विनोदीसुद्धा वाटली नव्हती, कारण ती त्याला दिसलीच नव्हती.

तीन दिवसांपूर्वी सकाळी बायको तापाने फणफणली होती. गाडीत बसताना तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी चारचौघांत ती असे करत नसे. "अहो," ती म्हणाली, "एक ऐकाल? आज तिथं कुणाला दुरुस्त करू नका हं. मला फार वेळ बसवत नाहीये." ते हसत म्हणाली, पण म्हणाली. त्यामागे इतिहास होता. मुलीच्या साखरपुड्यात त्याने भावी व्याह्यांचे 'अभिष्टचिंतन' दीर्घ करून दिले होते. औषधवाल्याने दुकानावर लावलेल्या पाटीपायी तो औषधवाल्याशी सात महिने बोलला नव्हता. "तुझी शपथ, गप्प बसतो," तो म्हणाला आणि शब्दाला जागला. तरुण डॉक्टरने तिच्या जिभेकडे पाहिले, मनगट धरले, बाहेरच्या रणरणत्या रस्त्याकडे पाहिले. "काय होतंय काकूंना?" ती ग्लानीत होती, उत्तर त्याच्याकडे आले. पडद्यापलीकडे कोणीतरी वर्तमानपत्राचे पान उलटले. त्याच्या डोक्यात सातही नोंदी एकापाठोपाठ उभ्या राहिल्या आणि प्रत्येक आपापली खूण छातीवर लावून परत गेली. मग त्याला आठवा शब्द सापडला. तो शब्द सभ्य होता, अचूक होता, शिवाय तिचा होता. "हिला उन्हाळी लागली आहे," तो म्हणाला. "हां, ऊन लागलंय," तरुण डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाला. "सध्या सगळ्यांनाच लागतंय." आणि त्याने ते ऐकले होते. सगळा प्रश्न एवढाच होता की त्याने ते स्पष्ट ऐकले होते. लागली, लागलं. स्त्रीलिंगाचे नपुंसकलिंग झाले होते, शब्दाची मागची दोन अक्षरे गळाली होती. या पिढीला शब्दाची शेपटी कापायची खोड आहे, एवढेच त्याच्या मनात आले. दुरुस्ती जिभेच्या टोकावर आली होती. 'लागलं नव्हे, लागली.' एवढे तीन शब्द. त्यावर त्या मुलाने 'म्हणजे?' असे विचारले असते, आणि मग कदाचित लाज सोडून सांगावे लागले असते. पण त्याने तिच्याकडे पाहिले. ती डोळे मिटून भिंतीला टेकली होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक चूक तशीच जाऊ दिली, प्रेमाखातर, आणि जिना उतरताना त्याला आपण आता म्हातारपणी थोडे बरे माणूस होत चाललो आहोत असे वाटले. खाली औषधवाल्याकडून त्याने पाकिटे घेतली. "साखर आहे हो यात. काकूंना चालेल का?" औषधवाल्याने विचारले. "डॉक्टरांनी लिहिलंय," तो म्हणाला. दोन दिवस त्याने ते पाणी तिला चमच्याने पाजले, कपाळावर ओल्या घड्या ठेवल्या, पडदे ओढून खोली अंधारी केली. सेवेत त्याने काहीही कमी केले नाही. तिसऱ्या दिवशी ती कुडकुडू लागली, दात वाजले, आणि तिने त्याला विचारले की या घरचे लोक कुठे गेले.

बावीस दिवसांपूर्वीची ती सकाळ त्याला इतकी लख्ख आठवत होती की आठवणीवर संशय यावा. तो जेवणाच्या टेबलावर पुरवणी खंडाची मुद्रिते तपासत होता. निवृत्तीनंतरही मंडळ त्याला मुद्रिते पाठवी, बहुधा न पाठवण्याचा त्रास अधिक म्हणून. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली, ओले हात पदराला पुसत. बराच वेळ उभी राहिली असावी. त्याला ते मागाहून जाणवले. "अहो, मला जरा उन्हाळी लागल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. त्याने मान वर केली आणि त्याच्या चेहऱ्यावर आनंद पसरला. तो आनंद खरा होता. हा शब्द तीस वर्षांत त्याने जिवंत माणसाच्या तोंडून ऐकला नव्हता. कोशात तो जुन्या वैद्यकाच्या पोथ्यांच्या आधारावर उभा होता, पोथी काढली की पडेल असा. आणि हा शब्द त्याच्या घरात, त्याच्या पाठीमागे, भांडी घासत जिवंत होता. "काय म्हणालीस? परत म्हण," तो म्हणाला. ती थोडी लाजली, आणि परत म्हणाली. "तुला कुठून आला हा शब्द?" "आई म्हणायची. का हो, चुकला का?" "चुकला? अगं, सोनं आहे." त्याने कोरी चिठ्ठी ओढली आणि नोंद केली: उन्हाळी, स्त्री., क्रियापद लागणे. मौखिक प्रयोग, स्त्रीमुखी, सध्या विरळ. त्याखाली तिचे वाक्य जसेच्या तसे, मग तारीख, वेळ. ती टेबलाजवळ येऊन तो लिहीत असलेले पाहत उभी होती. त्याने शाई वाळण्यासाठी चिठ्ठीवर फुंकर घातली. "पाणी जास्त पी," तो म्हणाला. "उष्णतेनं होतं." उष्णतेने होते हे त्याला शब्दानेच सांगितले होते. व्युत्पत्तीवर त्याचा विश्वास डॉक्टरांपेक्षा जुना होता.

तिने पंचेचाळीस वर्षांपूर्वी नोकरीला सुरुवात केली ती टेलिफोनच्या कचेरीत. लांबचे फोन तेव्हा माणसाने जोडून द्यावे लागत, आणि ती जोडून देणाऱ्यांतली होती, कानाला यंत्र लावलेले, समोर भोकांची पाटी, हातात दोऱ्या. तिथे खुर्ची सोडायची तर हात वर करायचा आणि बदली येईपर्यंत तसेच बसायचे. पर्यवेक्षिका हात पाहिला न पाहिल्यासारखे करी. "आम्ही सगळ्या पाणीच पीत नसू," ती एकदा मुलीला हसत सांगत होती, "टाकी भरलीच नाही तर नळ कशाला लागतोय." तो वर्तमानपत्र वाचत होता, त्याने ऐकले, आणि 'टाकी' हा लाक्षणिक प्रयोग त्याला ठसकेबाज वाटला. ऐकणे म्हणजे काय हे ती जाणत होती, कारण तिचे पोट त्यावर होते. तिथे नियम होता: पलीकडच्याने निरोप परत म्हणून दाखवल्याशिवाय निरोप पोचला असे धरायचे नाही. हे तिने त्याला लग्नानंतर पहिल्याच वर्षी सांगितले होते, कुठल्याशा भांडणात. "तुम्ही माझं वाक्य परत म्हणता, पण त्यातली चूक काढायला. काय म्हटलं ते कुठं सांगता?" ते वाक्य त्याला लागले होते, त्याने ते लक्षातही ठेवले होते, आणि लक्षात ठेवणे हेच आपले उत्तर आहे अशा समजुतीत इतकी वर्षे काढली होती.

दुपारी मुलीचा फोन आला, दूरच्या देशातून, मागे तिच्या कार्यालयातला आवाज. तिला विमानाचे तिकीट उद्या संध्याकाळचे मिळाले होते. ती आईसारखीच एकेक गोष्ट परत म्हणून घेत होती: कुठले मूत्रपिंड, साखर किती, दाब किती. मग म्हणाली, "बाबा, त्या पहिल्या डॉक्टरला तुम्ही सगळं नीट सांगितलं होतंत ना?" बाकावर त्याच्या शेजारी एक माणूस झोपेत मान टाकत होता. "सांगितलं होतं," तो म्हणाला. त्याने वाक्य मनात पुन्हा तपासले. कर्ता, कर्म, क्रियापद, काळ. सगळे जागच्या जागी होते. याहून निर्दोष वाक्य त्याने या आठवड्यात उच्चारले नव्हते. "मग त्याला कसं कळलं नाही? दगड आहे का तो?" मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. त्या मुलाच्या वतीने एखादे वाक्य बोलावे असे त्याला फार वाटले. वाक्य तयारही झाले. पण मुलगी रडू लागली होती, आणि रडणाऱ्या माणसाला शब्दाचा अर्थ समजावून सांगणे तेवढे त्याला जमले नाही. "तू सावकाश ये," तो म्हणाला. ती सावकाश येऊ शकत नव्हती आणि लवकरही येऊ शकत नव्हती. वाक्याला काहीच अर्थ नव्हता.

चार वाजता अतिदक्षता विभागात एका नातेवाइकाला सोडत. दारात सिस्टरने त्याला हिरवा अंगरखा दिला, बंद पाठीमागे, तोंडाला पट्टी, डोक्याला टोपी. त्याला मागचे बंद बांधता येईनात. सिस्टरने त्याला लहान मुलासारखे वळवून ते बांधले. "दहा मिनिटं हं आजोबा. आणि त्या काही बोलल्या तर हो म्हणा. उगाच वाद घालू नका." आत थंड होते. पडद्यांच्या कप्प्यांत यंत्रे एका लयीत टिकटिकत होती, आणि तिच्या खाटेशी लोंबणाऱ्या पिशवीवर कोणीतरी पेनने रेघा मारून पुढे वेळा लिहिल्या होत्या. ती जागी होती. केस कोणीतरी मागे ओढून रबराने बांधले होते, त्यामुळे कपाळ मोठे आणि मुलीसारखे दिसत होते. तिने त्याच्या टोपीकडे पाहिले, पट्टीकडे, अंगरख्याकडे. तिच्या चेहऱ्यावर ओळखीचा उजेड पडला. "या डॉक्टर," ती म्हणाली. "बसा ना जरा. तुम्ही लोक नुसते उभ्या उभ्या जाता." तो स्टुलावर बसला. "आमचे हे बाहेर आहेत का?" "आहेत," तो म्हणाला. "मग हळू बोलते," ती म्हणाली, आणि खरोखरच आवाज उतरवला, टेलिफोनवर खासगी बोलणाऱ्यांचा असतो तसा. "त्यांच्यासमोर नाही सांगता येत असलं. माणूस चांगला आहे हो, पण शब्द फार जपतात. काही कमीजास्त बोललं की इथं," तिने नळी लावलेल्या हाताचे बोट स्वतःच्या कपाळावर टेकवले, "इथं एक आठी येते. ती पाहिली की माझं पुढचं राहूनच जातं." त्याने पट्टी वर ओढली. "महिना होत आला डॉक्टर. लघवीला नुसती आग. थेंब थेंब. आणि मग कळेनासंच झालं. झोपेत होऊन जायचं. रोज पहाटे हे उठायच्या आत चादर धुऊन टाकत होते. यांना वाटायचं, घामाची धुते. सत्तरीला आले तरी यांना गादी कोरडी लागते." ती हसली. "एकदा धीर करून सांगितलं. त्यांनी लगेच लिहून घेतलं. तारीख घातली. मला इतकं बरं वाटलं. म्हटलं, घेतलं मनावर, आता हे बघतील. मग मी काही परत काढलं नाही. सारखं सारखं काय सांगायचं?"

ती त्याच्याकडे रोग्याने डॉक्टरकडे पाहावे तशी पाहत होती, भाबडेपणाने आणि थोडी सौदा करावा तशी. एक्केचाळीस वर्षांत तिने त्याच्याकडे असे कधी पाहिले नव्हते; त्याच्याकडून काही मिळेल अशा नजरेने. पट्टी खाली ओढावी, मीच आहे म्हणावे, आणि काय मागायचे ते मागावे, असे त्याला वाटले. पण पट्टी खाली ओढली की ती बोलायची थांबेल, हे त्याला त्याच वेळी स्वच्छ दिसले, आणि तिच्या तोंडून आता जे येत होते ते ऐकायला अख्ख्या इमारतीत दुसरे कोणी नव्हते. "तुम्ही सांगणार नाही ना त्यांना?" तिने विचारले. "नाही सांगणार." "चादरीचं तर मुळीच नको." "नाही." ती समाधानाने उशीवर मागे झाली. तो पुढे वाकला. अंगरख्याचे बंद पाठीवर ताणले. "आणि आता?" त्याने विचारले. "अजून जळजळते का लघवीला?" शब्द तोंडातून गेला. काहीही झाले नाही. शेजारच्या कप्प्यातल्या यंत्राची लयसुद्धा चुकली नाही.

"छे," ती म्हणाली. "कालपासून एकदम बंद. आग नाही, काही नाही. आता होतच नाही ना." हे तिने चांगली बातमी द्यावी तसे सांगितले. त्याने पिशवीकडे पाहिले. तळाशी गढूळ, चमचाभर काहीतरी होते. सकाळी आठला रेघ मारली होती. दहाची रेघ आठच्या रेघेवर होती, बाराची दहाच्या, दोनची बाराच्या. एकाच जागी इतक्या वेळा पेन फिरल्याने तिथे एक जाड काळी पट्टी झाली होती आणि पुढे चारही आकडे एकाखाली एक दाटीने लिहिले होते. पडद्यापलीकडून सिस्टरने वेळ झाल्याचे सांगितले. "म्हणजे बरंच वाटतंय म्हणायचं," ती म्हणाली. "मग घरी कधी सोडाल?" ती वाट पाहत होती. उत्तर मिळेपर्यंत ती डोळे मिटणार नव्हती, हे तो जाणून होता.

"उद्या," तो म्हणाला. "उद्या सोडू."